विश्लेषण : बेसबॉलमधली ‘सर्वांत मूर्ख’ अदलाबदल खरंच तेवढी मूर्ख होती का?

१५ जून २०२५, रविवार. अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने आपला सर्वांत महागडा फलंदाज राफाएल डेव्हर्स अचानक सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकला. बदल्यात बोस्टनला चार खेळाडू मिळाले. त्या चौघांपैकी एकाचंही वजन डेव्हर्सच्या जवळपास नव्हतं. तासाभरात सोशल मीडियावर निकाल लागला : बोस्टन फसलं, जायंट्सने लूट केली, इतिहासातली सर्वांत वाईट अदलाबदल वगैरे वगैरे.

मोसम संपला तेव्हा चित्र असं होतं. डेव्हर्सला देऊन बसलेलं बोस्टन ८९ सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोहोचलं. डेव्हर्स मिळालेले जायंट्स ८१ सामने जिंकले, ८१ हरले आणि घरी बसले. यात डेव्हर्सचा दोष काढता येणार नाही. त्याने दोन्ही संघांकडून मिळून ३५ होमरन मारले आणि मधेच संघ बदलल्यामुळे १६२ सामन्यांच्या मोसमात तो चक्क १६३ सामने खेळला. मग बोस्टनने बाजी मारली का? तेही इतक्यात सांगता येत नाही, कारण डेव्हर्सचा करार २०३३ पर्यंत आहे.

हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचं कर्णधारपद गेलं आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. मुंबई तळाला गेली. ‘फसलेला सौदा’ यावर शिक्कामोर्तब झालं. दोन महिन्यांत भारत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. सौदा तोच, माणूस तोच.

डेव्हर्सच्या सौद्याची तारीख मात्र बेसबॉलच्या चाहत्यांना लगेच खटकली. बरोबर ६१ वर्षांपूर्वी, १५ जून १९६४ रोजी, शिकागो कब्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यात एक अदलाबदल झाली होती. तिचं नाव ‘ब्रॉक फॉर ब्रोलिओ’. अमेरिकेत एखादा व्यवहार कमालीचा एकतर्फी ठरला की आजही हेच नाव घेतलं जातं. साठ वर्षं ती ‘कब्सचा मूर्खपणा’ म्हणून सांगितली गेली. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंना काय माहीत होतं आणि काय दडून राहिलं होतं, हे पाहिलं तर गोष्ट बरीच वेगळी दिसते.

आधी ठरलेली गोष्ट

कब्सने लू ब्रॉक नावाचा तरुण खेळाडू दिला आणि अर्नी ब्रोलिओ हा पिचर, म्हणजे गोलंदाज, घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू होते. जॅक स्प्रिंग आणि पॉल टॉथ सेंट लुईसला गेले, बॉबी शँट्झ आणि डग क्लेमन्स शिकागोला आले. या चौघांची आठवण आता प्रश्नमंजूषेपुरती उरली आहे.

ब्रॉकने कार्डिनल्सकडून त्या मोसमातले उरलेले १०३ सामने खेळले आणि ०.३४८ ची सरासरी गाठली. बेसबॉलमध्ये ही सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे यशस्वी फटके किती, याचा हिशेब. ०.३०० च्या पुढे गेलेला फलंदाज उत्तम समजला जातो. कार्डिनल्स त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजला हरवून विश्वविजेते झाले. १९६७ मध्ये पुन्हा झाले. ब्रॉक १९७९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला, ३,०२३ फटके आणि ९३८ चोरलेले बेस नावावर करून निवृत्त झाला आणि १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

बेस चोरणं म्हणजे काय, हे क्रिकेटवाल्यांना पटकन कळेल. चोरटी धाव आठवा. फरक इतकाच की इथे चेंडू फलंदाजाने मारलेलाही नसतो. गोलंदाजाचं लक्ष चुकवून धावपटू पुढच्या टप्प्यावर पळतो. १९७४ मध्ये ब्रॉकने एका मोसमात असे ११८ बेस चोरले, तो त्या वेळचा विक्रम होता. त्याचा तीन हजारावा फटका १९७९ मध्ये आला, तोही कब्सच्याच गोलंदाजाविरुद्ध. नियतीला कधी कधी विनोद आवरत नाही.

आणि ब्रोलिओ? कब्सकडून तीन मोसमांत मिळून तो ७ सामने जिंकला, १९ हरला. १९६६ नंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. तेव्हा तो जेमतेम ३१ वर्षांचा होता.

एका बाजूला हॉल ऑफ फेम, दुसऱ्या बाजूला सात विजय. इथे बहुतेकांची गोष्ट संपते.

१४ जूनला कोणाला काय दिसत होतं?

आता शेवट माहीत नाही असं धरून सौद्याच्या आदल्या दिवशी उभं राहायचं.

ब्रॉक तेव्हा २४ वर्षांचा होता. पंचविसाव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते. कब्सकडून तो दोन पूर्ण मोसम खेळला होता आणि तिसरा चालू होता. त्या तिसऱ्यात त्याची सरासरी होती ०.२५१. पाय वाऱ्यासारखे होते, पण चेंडू बॅटला लागत नव्हता आणि क्षेत्ररक्षणात गोंधळ व्हायचा. ‘होनहार आहे, पण कधी?’ हा प्रश्न कब्सच्या गोटात तीन वर्षं विचारला जात होता.

ब्रोलिओ २८ वर्षांचा होता. १९६० मध्ये त्याने २१ सामने जिंकले होते. महान वॉरन स्पानइतकेच, आणि त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये त्याहून जास्त कोणीच जिंकले नव्हते. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला होता. सौद्याच्या आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याने १८ विजय मिळवले होते, फक्त ८ पराभव. हे आकडे त्या काळात गोलंदाजाची जात सांगत.

कब्सची गरजही समजून घ्यायला हवी. १९६२ मध्ये हा संघ १०३ सामने हरला होता. १९६३ मध्ये ८२ विजय, ८० पराभव, म्हणजे १९४६ नंतर पहिल्यांदाच हरलेल्यांपेक्षा जिंकलेले सामने जास्त. बिली विल्यम्स, रॉन सँटो, अर्नी बँक्स असे फलंदाज त्यांच्याकडे होते. लॅरी जॅक्सन आणि डिक एल्सवर्थ हे दोन दमदार पिचर होते. तिसरा मिळाला की काम होईल, असं त्यांना वाटलं तर त्यात वेडेपणा काहीच नव्हता.

त्यामुळे सौदा जाहीर झाला तेव्हा शिकागोत आनंद होता आणि सेंट लुईसमध्ये नाराजी. शिकागोच्या एका वृत्तपत्रात तर कार्डिनल्सचे जाहीर आभार मानले गेले, पुन्हा असाच व्यवहार करायला या अशा थाटात. कार्डिनल्सच्या खेळाडूंनाही आपल्या संघाने फसवून घेतलं असंच वाटत होतं. ज्या सौद्याला पुढे साठ वर्षं ‘कब्सने स्वतःची केलेली फसवणूक’ म्हटलं गेलं, त्याच्या पहिल्या दिवशी फसलेला पक्ष बरोबर उलटा समजला जात होता.

आजच्या नजरेने पाहिलं तर ब्रोलिओच्या त्या आकड्यांतही थोडी हवा होती. गोलंदाजाचे ‘विजय’ हे बरंचसं त्याच्या संघाचे फलंदाज किती धावा करतात यावर ठरतात. १९६३ मध्ये त्याने नऊ डावांमागे सरासरी २.९९ धावा दिल्या. हे चांगलंच आहे. पण त्या वर्षी नियम बदलून स्ट्राइक झोन मोठा केला गेला होता, सगळ्याच फलंदाजांचे हाल झाले होते आणि संपूर्ण लीगची सरासरी सव्वातीनच्या आसपास होती. म्हणजे ब्रोलिओ चांगला होता, पण १८-८ हा आकडा ओरडून सांगत होता तितका मोठा नव्हता. अर्थात १९६४ मध्ये कुठल्याच संघाचा हिशेबनीस असा विचार करत नव्हता.

कोपराचं गुपित

मग गोष्टीतला सर्वांत टोचणारा भाग येतो.

ब्रोलिओचा हात सौद्याच्या आधीच बिघडलेला होता. त्याने स्वतः पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं की कार्डिनल्सकडे असतानाच आपल्याला दुखणं दाबण्यासाठी कॉर्टिसोनची इंजेक्शनं घ्यावी लागत होती आणि संघाला याची कल्पना होती. १९६४ चा मोसम संपल्यावर कोपराच्या मज्जातंतूची शस्त्रक्रिया झाली. पुरेशी विश्रांती न घेता तो पुढच्या मोसमाच्या सरावाला उतरला. १९६५ मध्ये एक विजय, सहा पराभव. १९६६ मध्ये दोन विजय, सहा पराभव.

कार्डिनल्सने मुद्दाम सडका माल गळ्यात मारला का? हे कोर्टात सिद्ध होईल अशा पद्धतीने आज कोणी सांगू शकत नाही. पण दुसरी गोष्ट नक्की आहे. तेव्हा विचारायचीच पद्धत नव्हती. एमआरआय अजून अस्तित्वात नव्हता. खेळाडू ताब्यात घेण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असा दंडक नव्हता. खेळाडूंची दुखणी संघाच्या चार भिंतींआड राहत आणि खेळाडू स्वतः ती लपवत, कारण दुखतंय म्हणणाऱ्याचा करार पुढच्या वर्षी पातळ होत असे. वापरलेली गाडी विकत घ्यावी, बॉनेट उघडून बघायची मुभा नसावी आणि मग इंजिन बसलं म्हणून घेणाऱ्याला मूर्ख म्हणावं, असा हा प्रकार.

आज हीच गोष्ट वेगळी घडली असती. जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि मिलवॉकी ब्रूअर्स यांचा सौदा जवळपास पक्का झाला होता. बातमी फुटली, मेट्सचा विल्मर फ्लोरेस आपण चाललो या समजुतीने चालू सामन्यात मैदानावरच रडू लागला आणि ते दृश्य देशभर दिसलं. वैद्यकीय अहवाल पाहिल्यावर समोरच्या खेळाडूच्या, कार्लोस गोमेझच्या, कंबरेच्या सांध्याबद्दल शंका आली आणि सौदा मोडला. फ्लोरेस तिथेच राहिला. दोनच दिवसांनी त्याने होमरन मारून सामना जिंकून दिला, तो भाग वेगळा.

त्याच्या पुढच्या वर्षीचं उदाहरण तर ब्रोलिओच्या प्रकरणाला जास्तच जवळचं आहे. जुलै २०१६ मध्ये सॅन डिएगो पाद्रेसने ड्रू पोमरान्झ हा गोलंदाज बोस्टनला दिला. नंतर कळलं की त्याच्या उपचारांची पूर्ण माहिती बोस्टनला दिलीच नव्हती. लीगने चौकशी करून पाद्रेसचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना ३० दिवस बिनपगारी निलंबित केलं. त्याच महिन्यात पाद्रेसने कॉलिन रे हा पिचर मायामीला दिला होता. पहिल्याच सामन्यात त्याचं कोपर गेलं. मायामीने त्याला परत पाठवलं आणि आपला एक तरुण गोलंदाज परत मिळवला. १९६४ मध्ये कब्सला ब्रोलिओ परत करण्याची सोय असती, तर ‘ब्रॉक फॉर ब्रोलिओ’ हा शब्दप्रयोग जन्मालाच आला नसता.

कब्सकडे ब्रॉक ‘ब्रॉक’ झाला असता?

‘कब्सने लू ब्रॉक घालवला’ या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे : तो शिकागोत राहिला असता तरी हाच ब्रॉक घडला असता. या गृहीतकावर फारसा विश्वास ठेवता येत नाही. कब्सचा खरा दोषही इथेच सापडतो.

ब्रॉकची स्वाभाविक जागा होती डावं मैदान, लेफ्ट फील्ड. कब्सकडे तिथे बिली विल्यम्स होता. तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे त्याला हलवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ब्रॉकला उजव्या बाजूला उभं केलं गेलं. कब्सच्या रिग्ली फील्डवर तेव्हा फ्लडलाइट नव्हते, ते थेट ऑगस्ट १९८८ मध्ये आले. तोपर्यंत घरचा प्रत्येक सामना दिवसा होई आणि दुपारचा सूर्य उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या डोळ्यांत जाई. आधीच झेलांबाबत कच्चा असलेला तरुण, नको ती जागा आणि डोळ्यांसमोर ऊन. प्रेक्षक हसायचे ते हसायचेच.

फलंदाजीचंही तेच. जून १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ब्रॉकने मधल्या दिशेच्या लांबलचक सीमेपलीकडे, प्रेक्षकांच्या बाकांत चेंडू टाकला होता. तिथे फार थोड्यांना चेंडू पोहोचवता आला होता. हा फटका कदाचित त्याच्या मुळावर आला. कारण त्यानंतर त्याच्याकडून ताकदीच्या फटक्यांची अपेक्षा होऊ लागली. पळण्याची मोकळीक मात्र बेताचीच मिळे.

त्यात संघाचा कारभार. कब्सचे मालक फिलिप रिग्ली यांनी १९६१ पासून ‘कॉलेज ऑफ कोचेस’ नावाचा प्रयोग केला होता. एक कायमचा प्रशिक्षक ठेवायचा नाही, अनेकांनी आळीपाळीने संघ सांभाळायचा. एक सांगे बॅट अशी धर, पुढचा येऊन सांगे तशी धर. ब्रॉक नेमका याच काळात मेजर लीगमध्ये आला. १९६३ पासून सूत्रं एका माणसाच्या हातात एकवटली खरी, पण तोपर्यंत मुलाच्या डोक्यात व्हायचा तो घोळ झाला होता.

आता सेंट लुईस पाहा. तिथे लेफ्ट फील्डला खेळणारा स्टॅन म्युझिअल १९६३ च्या अखेरीस निवृत्त झाला होता. जागा रिकामी होती. ती भरण्याचे प्रयत्न फसत होते. मैदान वेगळं होतं, ऊन वेगळं होतं. प्रशिक्षक जॉनी कीन यांनी ब्रॉकला सांगितल्याचा सारांश इतकाच की तुला वाटेल तेव्हा पळ. संघात बिल व्हाइट, कर्ट फ्लड, बॉब गिब्सन असे अनुभवी कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि त्या काळातल्या अमेरिकेत दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय तरुणासाठी ही गोष्ट साधी नव्हती. नागरी हक्क कायदा मंजूर व्हायला अजून दोन आठवडे बाकी होते.

म्हणजे कब्सची चूक १५ जूनला झालीच नाही. ती आधीची तीन वर्षं रोज थोडी थोडी होत होती. हातात हिरा असताना त्याला पैलू पाडायचं सोडून ते तो कुठल्या कोनाड्यात बसतो हेच बघत राहिले. विकण्याचा निर्णय त्या अपयशाची पावती होता. आणि अशा पावत्या सगळेच संघ फाडतात, फक्त प्रत्येक वेळी समोरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बिंग डिव्हाइन उभे नसतात.

हे डिव्हाइन म्हणजे सौदा करणारे कार्डिनल्सचे जनरल मॅनेजर. त्यांना मिळालेलं बक्षीस तर ऐकण्यासारखं आहे. ऑगस्ट १९६४ च्या मध्यावर संघ अव्वल स्थानापासून बराच मागे होता आणि मालक ऑगस्ट बुश यांनी डिव्हाइन यांना काढून टाकलं. म्हणजे इतिहासातला सर्वांत हुशार मानला गेलेला सौदा करणारा माणूस दोन महिन्यांत बेरोजगार झाला. त्यानंतर फिलाडेल्फिया फिलीज, जे १२ सामने बाकी असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होते, सलग दहा सामने हरले. कार्डिनल्स एका सामन्याच्या फरकाने पुढे सरकले आणि मग विश्वविजेते झाले. डिव्हाइन यांची त्या वर्षीचे सर्वोत्तम संघ-व्यवस्थापक म्हणून निवड झाली, तेव्हा ते त्या पदावर नव्हते. ज्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती ते कीनही विजेतेपदानंतर लगेच राजीनामा देऊन हरवलेल्या यांकीजकडे गेले.

फिलीज कोसळले नसते तर? ब्रॉकची ०.३४८ सरासरी तीच राहिली असती, पण कार्डिनल्स दुसरे किंवा तिसरे आले असते आणि हा सौदा ‘दंतकथा’ व्हायला बहुधा आणखी काही वर्षं लागली असती. शिवाय ते विजेतेपद एकट्या ब्रॉकचं नव्हतं. केन बॉयर त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रे सॅडेकीने २०, गिब्सनने १९ आणि कर्ट सिमन्सने १८ विजय मिळवले. ब्रोलिओ गेला तरी कार्डिनल्सला गोलंदाजांची ददात नव्हती, म्हणून तर त्याला सोडणं त्यांना परवडलं.

आकडे काय म्हणतात?

गेल्या वीसेक वर्षांत बेसबॉलमध्ये ‘वॉर’ नावाचं एक माप रूढ झालं आहे. युद्धाशी त्याचा संबंध नाही. सहज मिळू शकणाऱ्या साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत अमुक एकाने आपल्या संघाला किती जास्त सामने जिंकून दिले, याचा तो अंदाज आहे. या मापाने ब्रॉकची पूर्ण कारकीर्द सुमारे ४५ विजयांची भरते. हॉल ऑफ फेममधल्या खेळाडूंत हा आकडा खालच्या बाजूला येतो. कारणं दिसतात. तो चेंडू सोडून फुकटचा बेस फारसा मिळवत नसे, क्षेत्ररक्षण शेवटपर्यंत कच्चंच राहिलं आणि ९३८ बेस चोरताना तो ३०७ वेळा पकडलाही गेला. प्रत्येक पकडलं जाणं म्हणजे एक बाद.

याउलट १९९० मध्ये बोस्टनने लॅरी अँडरसन या ३७ वर्षांच्या गोलंदाजासाठी जेफ बॅगवेल नावाचा शिकाऊ खेळाडू ह्यूस्टनला दिला. अँडरसन बोस्टनकडून फक्त २२ डाव टाकून गेला. बॅगवेलची कारकीर्द सुमारे ८० विजयांची, म्हणजे ब्रॉकच्या जवळपास पावणेदोन पट. निव्वळ आकड्यांवर ‘सर्वांत एकतर्फी’ हा किताब द्यायचा तर तो ब्रॉक-ब्रोलिओकडे राहत नाही.

आणि १९८७ मधलं डेट्रॉइट टायगर्सचं उदाहरण आणखीच पेचात टाकतं. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर घेतला आणि २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणून हाही ‘फसलेला’ सौदा म्हणून मोजला जातो. पण अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी त्या मोसमात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही आणि संघाने आपला गट दोन सामन्यांनी जिंकला. ज्यासाठी पैसे मोजले, ते मिळालं. कब्सला ते मिळालं नाही, हा दोन सौद्यांतला खरा फरक. १९६४ मध्ये ते ७६ सामने जिंकून आठवे आले.

त्यामुळे पुन्हा तपासल्यावरही हा सौदा समसमान ठरत नाही. कार्डिनल्सने कमावलं, कब्सने गमावलं, यात शंका नाही. ‘हातात ब्रॉक असता तर कब्स विश्वविजेते झाले असते’ हे मात्र कल्पनेचे घोडे आहेत. १९६९ मध्ये त्यांची संधी अगदी जवळ आली होती, पण तेव्हाही लेफ्ट फील्डला बिली विल्यम्सच होता.

ज्यांना कोणी विचारलं नाही

या सगळ्यात ब्रॉक आणि ब्रोलिओचं मत कोणी घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. तेव्हाच्या करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम होतं. त्यानुसार करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. संघ त्याला ठेवू शके, विकू शके, बदलू शके. खेळाडूला दोनच पर्याय होते : सांगतील तिकडे जा किंवा खेळ सोड.

याविरुद्ध उभा राहिला तो ब्रॉकच्या शेजारी, सेंटर फील्डला खेळणारा कर्ट फ्लड. १२ वर्षं कार्डिनल्सची सेवा केल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देण्यात आलं. त्याने जायला नकार दिला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७२ मध्ये तो ५-३ ने हरला. त्याची कारकीर्द संपली. पण दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघाकडे काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा अधिकार पुढच्याच वर्षी मिळाला आणि १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने रिझर्व्ह क्लॉजचं कंबरडं मोडलं. डेव्हर्सला जे शेकडो मिलियन मिळतात, हार्दिकसारख्या खेळाडूच्या बाबतीत त्याची संमती विचारात घेतली जाते, ते जग ब्रोलिओने पाहिलं ते फक्त प्रेक्षक म्हणून.

ब्रोलिओने या सगळ्याकडे आश्चर्य वाटेल इतक्या खिलाडूपणे पाहिलं. जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमांना तो शिकागोत येत असे, स्वतःवरच विनोद करत असे. ब्रॉकशी त्याची चांगली मैत्री जमली. कॅलिफोर्नियात सॅन होजे परिसरात तो मुलांना गोलंदाजी शिकवत असे.

जुलै २०१९ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी ब्रोलिओचं निधन झालं. सव्वा वर्षाच्या आत, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्रॉकही गेला. ब्रोलिओने एका मोसमात २१ सामने जिंकले होते, महान स्पानच्या बरोबरीने. पण त्याच्यावरच्या बहुतेक मृत्युलेखांची सुरुवात झाली ती १५ जून १९६४ पासून, आणि दुसऱ्याच्या नावाने.